पुरे म्हणणारा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कोणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि फडताळात लाडू लपवून ठेवणाऱ्या मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी.

त्या राज्याच्या राजाला विषाची फार भीती वाटे. म्हणून त्याने एक चाखणारा ठेवला होता. ताटातला प्रत्येक पदार्थ आधी तो चिमूटभर खाई, घटकाभर थांबे, मग राजा जेवे. अट एकच होती. राजाला विषबाधा झाली, तर चाखणाऱ्याचं डोकं जाणार.

एके वर्षी राजा खंगू लागला. कितीही पाणी प्यायला तरी तहान भागेना. डोळ्यांपुढे अंधुक दिसे. पायाच्या बोटाची साधी जखम महिना उलटला तरी भरेना, उलट काळी पडत चालली.

प्रधान म्हणाला, "महाराज, कोणीतरी विष घालतंय."

राजाने चाखणाऱ्याला बोलावलं. "सूर्य डोक्यावर येईपर्यंत विष शोधून आण. नाहीतर अट तुला ठाऊक आहे."

चाखणारा धावतच मुदपाकखान्यात गेला. तिथे म्हातारी आचारीण आमटीत गुळाचे खडेच्या खडे टाकत होती.

"बाई, आमटीत एवढा गूळ?"

"कमी पडला की महाराज ताट भिरकावतात, बाबा. मग दुसऱ्या दिवशी मी आणखी घालते."

सरबत, खीर, बासुंदी, विड्यातला गुलकंद. चिमूट चिमूट चाखताना हे सगळं किती होतं, हे त्याला कधी कळलंच नव्हतं. आता मात्र ते लख्ख कळलं.

"महाराज दिवसभरात खातात तेवढी साखर आणि गूळ या परातीत काढा," तो म्हणाला.

परात शिगोशीग भरली. ती डोक्यावर घेऊन तो दरबारात आला, तेव्हा सूर्य माथ्यावर आला होता आणि तलवार म्यानाबाहेर निघाली होती.

"यात विष आहे?" राजाने विचारलं.

"नाही, महाराज. यातलं चिमूटभर मी खातो. बाकीचं सगळं आपण खाता, रोज."

राजाने राजवैद्याकडे पाहिलं. वैद्याने मान खाली घातली. "मला ठाऊक होतं, महाराज. पण आधीच्या वैद्याने गोड सोडा म्हटलं, तर आपण त्याला देशोधडीला लावलंत. मी भ्यालो."

तलवार म्यानात गेली. पायाची दोन बोटं मात्र त्याच दिवशी कापावी लागली.

तिसऱ्या दिवशी राजाने सवयीने खीर मागवली. एक वाटी संपली, दुसरी उचलली. राजाला नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, हे चाखणाऱ्याने पाहिलं होतं.

"महाराज, पुरे," तो म्हणाला.

वाढपी जागच्या जागी थिजले. राजाने त्याच्याकडे पाहिलं आणि वाटी खाली ठेवली. पुढे तो पुष्कळ वर्षं जगला, पण काठी टेकत.

तात्पर्य: घात करणारा घास कडूच असतो असं नाही, म्हणून गोड खाताना पुरे म्हणणाऱ्याचं वेळीच ऐकावं.