भाग न जाणारी संख्या

"म्हणजे कोणानेच भाग जात नाही?" दिगंबरशास्त्र्यांनी विचारलं.

"एकाने जातो. आणि तिचा तिलाच. बाकी कोणी तिला हात लावू शकत नाही," हेरंब म्हणाला.

दोघांच्या मध्ये शास्त्र्यांची धूळपाटी होती. तिच्यावरच्या वाळूत हेरंबने बोटाने संख्या काढली होती: ४७९००१५९९.

तिच्यापायी चार महिने तो खोलीबाहेर फारसा पडला नव्हता. पाठशाळेच्या पंगतीत बसणंही सोडलं होतं. धाकटे विद्यार्थी भागाकार विचारायला आले, तर दारातूनच हाकलले होते. अशा माणसालाही आपला पराक्रम सांगायला कोणीतरी लागतंच.

शास्त्री आता थकले होते. आपली धूळपाटी ते ज्याच्या हाती देतील, तो पुढे पाठशाळा चालवणार होता. हेरंबला ती पाटी हवी होती. आजच हवी होती.

"सगळं तपासलंस?"

"बावीस हजारांच्या आतली एकही मूळ संख्या सोडली नाही."

"आणि पुढच्या?"

"गरज नाही. बावीस हजारांचा वर्गच हिच्याहून मोठा."

"बरोबर आहे."

हेरंबच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शास्त्री चूक काढतील, ही धास्तीही गेली.

"मग शास्त्रीबुवा, पाटी...?"

"हिच्यात एक मिळव."

हेरंबला ते आवडलं नाही. तरी त्याने शेवटचे आकडे पुसले आणि सहाशे लिहिले.

"आता भाग दे."

दोनाने गेला. तिनाने, चाराने, पाचाने, सहाने गेला. सात अडवतील असं वाटलं होतं, पण सातानेही गेला. आठ, नऊ, दहा झाले. अकराला त्याने दोनदा करून पाहिलं.

"बारापर्यंत सगळ्यांनी जातो," तो म्हणाला. आवाज खाली आला होता.

"बाकी?"

"शून्य."

"मिळवलंस किती?"

"एक..."

शास्त्र्यांनी ओसरीकडे पाहिलं. तिथे जेवणाची पानं मांडली जात होती. हेरंबने हाकललेली पोरं पाय धुऊन एकेक करून बसत होती. त्याला पाहून त्यांनी माना खाली घातल्या. हेरंबला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून रागही आला.

"पण पहिली संख्या चूक नव्हती," तो म्हणाला.

"नव्हतीच."

"मग पाटी मला का नाही?"

शास्त्री गुडघ्यावर हात टेकून उठले. स्वयंपाकघराच्या दारातलं आमटीचं भांडं त्यांनी उचललं आणि हेरंबच्या हातात दिलं. भांडं गरम होतं. हेरंबने ते पंच्याच्या टोकाने धरलं.

"आणि पाटी?" त्याने पुन्हा विचारलं.

"आधी वाढ. मग मला येऊन सांग, कोणाला काय कमी पडलं."