पाडसाची पट्टी

पाडसाला कसंतरीच वाटलं.
पायाखाली काहीतरी टुचकन सुटलं.
आणि पाडस पालथं पडलं. फट्!

एवढंसं पाडस. कागदाचं. आत्यानं आणि रेवूनं कापलेलं. बुटांच्या खोक्याचं त्यांनी केलं होतं नाटकघर. मधे हिरवं कागदी रान. रानाच्या अलीकडे पाडस, पलीकडे आई. पट्टी ओढली की पाडस चालायचं.

आणि पट्टीच सुटली! आता उभं कसं राहायचं? आईपाशी जायचं कसं?

आत्यानं पट्टी चिकटवली होती भाताच्या शितानं. शीत कुठं गेलं? ते बघा, मुंगीच्या डोक्यावर!

दुपारची वेळ. आत्या झोपलेली. रेवू झोपलेली. घर कसं गप्प गप्प.
पाडस पालथंच खोक्यातून सरपटत निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"पट्टी चिकटेना.
आई भेटेना.
मुंगीताई, शीत दे ना!"

मुंगी म्हणाली, "वा रे वा! फुकट? गूळ आण, मग देते."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"मुंगी शीत देईना.
पट्टी चिकटेना.
आई भेटेना.
डबेराव, गूळ दे ना!"

डबा म्हणाला, "झाकण घट्ट! मला कुणी पाडलं, तर देईन."

सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"डबा गूळ देईना.
मुंगी शीत देईना.
पट्टी चिकटेना.
आई भेटेना.
मनीमावशी, डबा पाड ना!"

मनीनं एकच डोळा उघडला. "ऊन कसं मऊ मऊ आहे. ते सरकलं, तर उठेन." आणि डोळा मिटला.

पाडसाचं कागदी काळीज धडधडलं. तरी निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"मनी डबा पाडेना.
डबा गूळ देईना.
मुंगी शीत देईना.
पट्टी चिकटेना.
आई भेटेना.
उन्हा, उन्हा, सरक ना!"

ऊन हसलं. पिवळं पिवळं हसलं.
"घाबरलंस होय रे? अरे, सरकणं तर माझं रोजचंच. हे बघ, सरकलं."

ऊन सरकलं, हळू... हळू...
मनीला गार लागलं. मनी उठली.
शेपूट लागली, डबा पडला. टण्ण!
झाकण उघडलं. गूळ घरंगळला. गुड गुड गुड.
मुंगीनं गूळ घेतला. शीत दिलं.

टण्ण ऐकून आत्या उठली. रेवू उठली.
"अगंबाई! पाडस इथं कसं?"
"आत्या, शितानं चिकटवतात का गं? मुंगीला खाऊच तो!"
"शहाणे, डिंक संपला होता ना! आण ते शीत इकडे. आणि या खेपेला वर कागद लावू."

शीत दाबलं. कागद लावला. पट्टी चिकटली.
पाडस उभं राहिलं!

रेवूनं खोक्यामागे दिवा लावला. रान हिरवं हिरवं झालं. रेवूनं पट्टी ओढली. सुळुक.

"आई!" पाडसानं हाक मारली.
रान गप्प.
सुळुक सुळुक.
"आई! अगं आई!"
रान गप्प. पान हलेना.
सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.
"आई... कुठं आहेस गं?"

आणि रानापलीकडून आवाज आला,
"ओ! इथं आहे रे, बाळा."