साळूचं पोट, महाराजांचं पोट

राजे गजशार्दूल यांच्या पोटात जंत झाले होते. कुरंगगडावर हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त महाराजांना ते मान्य नव्हतं.

"जंत?" महाराज वैद्यराज विसोबांवर कडाडले. "जंत रयतेला होतात! राजाला होत नाहीत!"

विसोबांनी मान खाली घातली. "चुकलो, महाराज. आपल्याला जे झालं आहे त्याला नाव नाही. पण त्यावर वावडिंगाचा काढा आहे, कडुनिंबाचा रस आहे. वरून एरंडेल घ्यावं लागेल."

"कडू आहे?"

"फार!"

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाजा!"

हसू नका. गडावरची रीतच तशी होती. महाराजांच्या नावानं एकादशी खजिनदार करायचा, थंडीतलं माघस्नान एक म्हातारा कारकून कुडकुडत उरकायचा, आणि पुण्य मात्र महाराजांच्या पदरात पडायचं. उपासाला चालतं ते औषधाला का चालू नये? दरबारात कुणाला शंका आली असेलच, तर ती त्यानं मुकाट्यानं गिळली. गिळण्यात ती मंडळी पटाईत होती.

मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्या साळूला धरून आणलं गेलं. गडभर दवंडी पिटली, "ऐका हो ऐका! आजपासून साळूचं पोट तेच महाराजांचं पोट!"

झालं! रोज सकाळी साळू तोंड वेडंवाकडं करून काढा प्यायची. तिच्या गालांवर तुकतुकी आली, अंगात जोर आला. इकडे महाराज चार माणसांचं जेवायचे आणि वाळत चालले होते. झोपेत करकरा दात खायचे, दिवसा पोट धरून बसायचे. अंगरखा तर असा लोंबायचा की आत कुणी आहे की नाही, ते चाचपून बघावं लागे.

शेवटी महाराजांचा संयम सुटला. "ही बाई औषध मन लावून पीत नाही! पाडव्यापर्यंत मला बरं वाटलं नाही, तर हिचा कडेलोट करा!"

साळूला पेच पडला. औषध पितो आपण, जंत त्यांच्या पोटात, बरं वाटणार कसं? आणि हे तोंडावर सांगावं, तर पाडव्याचीही वाट बघणार नाहीत! बिचारी घासलेलीच भांडी पुन्हा पुन्हा घासत बसायची. घासता घासता तिला महाराजांचं चांदीचं ताट दिसलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग गालातल्या गालात हसली.

पाडव्याच्या सकाळी ती आपणहून दरबारात येऊन उभी राहिली.

"सरकार, औषध लागू का पडंना, ते ध्यानात आलंय. वैद्यबुवा, एक सांगा. औषध एका पोटात आन् जेवण दुसऱ्याच पोटात, असं चालतं व्हय?"

"छे, छे! दोन्ही एकाच पोटात गेलं पाहिजे!" विसोबा बोलून गेले आणि मग त्यांनी जीभ चावली.

"तिथंच घोळ झालाय बघा!" साळूनं आपल्या पोटावर थाप मारली. "औषध जातंय सरकारांच्या ह्या पोटात, आन् जेवण भलतीकडंच! आजच्याला ताट हिकडं येऊ द्या. सांजच्यापातूर गुण न्हाय आला, तर मी आपल्या पायानं कड्यावर जाते."

महाराजांना हे लगेच पटलं. त्यांना अवघड काही पटायला वेळ लागे, विचित्र काही चटकन पटे.

चांदीचं ताट आलं. केशरी श्रीखंड, टम्म पुऱ्या, मसालेभात, कुरडया! साळू पाटावर बसली. दिवाणजी तोंड आंबट करून पंख्यानं वारा घालू लागले. महाराज समोर बसून घासागणिक आवंढे गिळत होते.

"कसं... कसं लागतंय श्रीखंड?"

"ते सरकारांनाच ठावं! जेवताय तुमी!"

दुपार टळली. महाराजांच्या पोटात कावळे ओरडू लागले, आणि आतली ती नाव नसलेली मंडळीही खवळली. साळूनं आणखी एक पुरी मागितली, तसे महाराज ताडकन उठले.

"बस्स! मला भूक लागली आहे!"

"ती कशी लागंल? आत्ताच तर पोटभर जेवला!"

"अगं, पोटात आग पडलीय!"

"कंच्या पोटात, सरकार?"

"ह्या! ह्या पोटात!" महाराज पोट बडवत ओरडले. "हे माझं पोट! तुझं ते तुझं, आणि माझं ते हे!"

साळूनं हात धुतले, पदराला पुसले आणि विसोबांच्या हातातली काढ्याची वाटी महाराजांपुढे धरली.

"मंग हे बी हितंच जाऊ द्या! इतके दिस उगाच माझ्या घरी येत व्हतं."

महाराजांनी वाटीकडे पाहिलं. श्रीखंडाकडे पाहिलं. पुन्हा वाटीकडे पाहिलं. मग नाक दाबून त्यांनी ती घटाघटा रिकामी केली. त्यावर विसोबांनी एरंडेलही उरकून घेतलं, संधी काही रोज येत नाही! पुढचे काही तास कसे गेले ते लिहायचं हे पान नव्हे. एवढंच सांगतो, सूर्य मावळला तेव्हा महाराजांना खरोखरच बरं वाटत होतं.

त्यांनी साळूला बोलावलं. "बाई, एक कोडं सुटत नाही. जंत तर रयतेला होतात. मग ते रयतेतले जंत माझ्या पोटात शिरले कसे?"

"ते रयतेतले नव्हतंच, सरकार! काडीचं काम न करता आयतं तुमच्या जिवावर पोसत व्हतं. रयतेला हे जमतं व्हय? ते दरबारीच असणार!"

महाराज पोट धरून हसले, आणि या खेपेला पोट दुखत नव्हतं! त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून साळूला दिलं आणि हुकूम सोडला, "विसोबा, सगळ्या दरबाराला एकेक वाटी पाजा!"

दरबाऱ्यांचे चेहरे आत्ताच कडू झाले. दिवाणजी हळूच साळूजवळ सरकले. "साळूबाई, तुम्हाला सवय आहे. माझी वाटी तेवढी तुम्ही..."

"पिते की!" साळू सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "पर दिवाणजी, आधी तुमचं जेवायचं ताट हिकडं सरकवा!"

महाराज हसता हसता सिंहासनावरून घसरलेच. "चांदीचं ताटही हिलाच द्या रे!" ते कसेबसे म्हणाले, आणि दिवाणजींनी डोळे मिटून वाटी तोंडाला लावली.