वाळू कुठल्या बाजूला?

रानांतल्या वाटा माणसाला ठाऊक नव्हत्या, त्या काळची ही गोष्ट. एका नदीकाठी एक म्हातारी कासवीण रानातल्या पिल्लांची शाळा भरवत असे.

एकदा तिने झाडाखाली रेघ ओढली आणि म्हणाली, "जे आपला आकार सोडत नाही, ते स्थायू. ते रेघेच्या अलीकडे ठेवा. जे वाहतं आणि ज्या भांड्यात ओतावं त्याचाच आकार घेतं, ते द्रव. ते पलीकडे."

पिल्लं कामाला लागली. दगड, चिंचोके आणि सांबराचं गळून पडलेलं शिंग अलीकडे आलं. पानांच्या द्रोणांतून पाणी आणि मध पलीकडे गेला.

सायाळीची पोर मात्र द्रोणभर वाळू घेऊन रेघेवरच उभी राहिली. "आजी, ही ओतली की वाहते. द्रोणात भरली की द्रोणासारखी होते. मग ही द्रव का?"

माकडाची पोरं पोट धरून हसली. दुसरं कुणी असतं तर डोळे वटारून म्हणालं असतं, मुकाट्याने खाली बस. कासवीण तशी नव्हती.

"मला नाही गं सांगता येत," ती म्हणाली. "पण उत्तर मिळेपर्यंत आज शाळा सुटायची नाही."

सपाट खडकावर त्यांनी पाणी ओतलं. ते पसरून गेलं. शेजारी वाळू ओतली, तर तिचा ढीग झाला. आणखी ओतली, तेव्हा थोडी घसरली, पण ढीग मोडला नाही. मग सायाळीच्या पोरीने वाळूचा एकच कण उचलला. द्रोणात टाकला, खडकावर ठेवला. तो होता तसाच राहिला.

"आजी, हे तर इवलेइवले दगड आहेत!"

"थांब, अजून एक बघू," कासवीण म्हणाली. तिने वाळलेला पोकळ भोपळा वाळूने काठोकाठ भरायला लावला आणि वरून पाणी ओतलं. सांडेल, सांडेल, म्हणून माकडं ओरडली. पाणी गुपचूप आत शिरलं.

"कणांच्या मधे जागा असते," कासवीण म्हणाली. "पाण्याला स्वतःचा आकार नाही, म्हणून ते तिथे मावतं."

वाळू रेघेच्या अलीकडे गेली. शाळा सुटली तेव्हा सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली. पात्रात नुसती वाळू उरली. रानाचा प्रमुख असलेल्या सांबराने सांगितलं, "उद्या डोंगर ओलांडून जायचं."

कासविणीला डोंगर चढणं शक्य नव्हतं. "तुम्ही निघा," ती म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, पण पिल्लांसमोर ती रडली नाही.

"मी नाही जाणार!" सायाळीची पोर म्हणाली. "भोपळ्यातल्या वाळूत पाणी शिरलं होतं. नदीच्या वाळूतही शिरलं असेल."

ती पात्रात उतरून खणू लागली. जेवढं खणावं तेवढी वाळू पुन्हा आत घसरायची. नखं दुखली तरी ती थांबेना.

"पोरी, हट्ट पुरे," सांबर म्हणालं.

कासवीण हळूहळू तिथे आली. "आठव बरं. वाळूचा ढीग सरळ उभा राहिला होता का?"

"नाही, उतरता होता."

"मग खड्डाही उतरता खण. चांगला रुंद."

आता सगळीच पिल्लं भिडली. हसणारी माकडं पसापसा वाळू बाहेर टाकू लागली. खड्डा रुंद झाला, खोल झाला, आणि वाळू जागची हलली नाही. संध्याकाळपर्यंत ओल लागली. मग तळाशी ओंजळभर पाणी साचलं, आणि ते उपसलं तरी पुन्हा साचत राहिलं.

सांबराने आधी कासविणीला पाणी पाजलं. त्या वर्षी कुणीच डोंगर ओलांडला नाही आणि शाळाही त्याच झाडाखाली भरत राहिली.

बोध: उत्तर ठाऊक नसेल तर तसं मोकळेपणाने सांगावं, पण ते सापडेपर्यंत प्रश्न सोडू नये.