गोदूबाईंची टकटक

फार वर्षांपूर्वी, म्हणजे घाटातून अजून एकही मोटार उतरली नव्हती तेव्हा, हेळेवाडीत गोदूबाई नावाच्या मास्तरीणबाई आल्या. त्या देशावरच्या, उघड्या माळावर वाढलेल्या. इथलं रान एवढं दाट की भर दुपारी वाटेवर ऊन पडत नाही. गावाला वाटलं, ह्या बाई पावसाळ्याआधीच गाठोडं बांधतील. पण बाईंनी गाठोडं सोडलं ते कायमचंच.

पोरांच्या पुस्तकात उंट होते, गव्हाची शेतं होती. हेळेवाडीच्या पोरांनी जन्मात दोन्ही पाहिली नव्हती. मग बाई रानात जाऊन बसू लागल्या आणि दिसेल त्याच्या गोष्टी पोरांसाठी लिहू लागल्या. असं म्हणतात, त्या लिहायला बसल्या की शेकरू झाडावरून उतरून त्यांच्या खांद्याआडून वाचायचं. त्याला वाचता येत होतं का, ते मला विचारू नका.

सगळ्यात लाडकी गोष्ट होती ककणेराची. ककणेर म्हणजे मोठ्या पिवळ्या चोचीचा पक्षी. त्याची मादी अंडी घालायला झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते, आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. गोष्टीच्या शेवटी बाईंनी लिहिलं होतं की झाडाला हात लावण्याआधी टकटक करावी आणि विचारावं, "आत कोण आसा?" तेवढी ओळ त्यांनी पोरांच्या बोलीत लिहिली होती. झालं, पोरं करवंदाच्या जाळीवरही टकटक करून काटे टोचून घेऊ लागली. मोठी माणसं पोट धरून हसायची.

एका चैत्रात शाळेचं आढं, म्हणजे सगळं छप्पर ज्यावर टेकतं ते लाकूड, वाळवीने खाल्लं आणि मोडलं. वरून हुकूम आला की मृगाच्या आत छप्पर झालं नाही तर शाळा नदीपलीकडच्या गावाला जाईल. पावसाळ्यात ती नदी कोणी ओलांडत नाही. म्हणजे हेळेवाडीची पोरं पुन्हा गुरांमागे. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. शेवटी धाकू मेस्त्री नावाचा सुतार फुकट काम करायला तयार झाला आणि त्याने रानातली एक सरळसोट किंजळ हेरली. आढ्याजोगं दुसरं झाड जवळपास नव्हतं.

सगळा गाव जमला. बाई सर्वांत पुढे. मेस्त्रीने कुऱ्हाड उचलली, तेव्हा त्याचीच मुलगी शेवंती पुढे आली आणि म्हणाली, "बाईंनु, आत कोण आसा ता इचारलास काय?"

बाईंचा चेहरा उतरला. शाळेच्या घाईत त्यांनी वर पाहिलंच नव्हतं. त्यांनी खोडावर टकटक केली, विचारलं. आतून काही आवाज आला नाही. मेस्त्री हलकेच म्हणाला, "बाईंनु, ता गोष्टीतला. पोरांक तसा सांगा."

तेवढंच सांगायचं होतं. गोष्ट खोटी म्हटली की शाळा वाचत होती. बाईंनी तोंड उघडलं आणि वरून पंखांचा मोठा आवाज आला. चोचीत उंबर धरून ककणेर आला होता. माणसं बघून तो घिरट्या घालत राहिला, ढोलीपाशी येईना. ढोलीच्या फटीतून एक चोच बाहेर आली आणि तशीच उघडी राहिली.

"ती आत आहे, मेस्त्री," बाई म्हणाल्या. "उपाशी आहे. आपण घरी जाऊ."

पिल्लं उडाली तोवर मृग लागला होता. बाईंनी त्या किंजळीखालीच शाळा भरवली. असं म्हणतात, रानातले सगळे ककणेर फांद्यांवर पंख पसरून बसले आणि अख्ख्या पावसाळ्यात एकाही पाटीवर थेंब पडला नाही. तपासायला आलेला साहेब छत्रीतही चिंब भिजला, त्याने पोरांच्या कोरड्या पाट्या पाहिल्या, आणि शाळा इथेच राहू दे असं सांगून निमूट गेला.

पण ते पंखांचं छप्पर पोरांपुरतंच होतं. बाई कडेला उभ्या राहून शिकवायच्या, आणि त्या भिजायच्या. हे सांगताना मला अजून वाईट वाटतं. त्यांचा खोकला घराघरात ऐकू जायचा, तेव्हा कुठे गावाला लाज वाटली. दसऱ्याला प्रत्येक घराने आपल्या छपराचा एकेक वासा काढून शाळेला दिला आणि धाकू मेस्त्रीने ते एकमेकांत सांधून आढं चढवलं. बाईंना ते बघायला मिळालं. पुढचा पावसाळा मात्र मिळाला नाही.

आजही हेळेवाडीत झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी टकटक करतात, विचारतात, आणि रानातून एखाद्या पक्ष्याला परत यायला लागेल एवढा वेळ थांबतात. त्या किंजळीला तर कोणी हात लावत नाही. आणि शाळेच्या पहिल्या दिवशी दार मुद्दाम लावून घेतात. नवी पोरं बाहेरून टकटक करतात आणि विचारतात, "आत कोण आसा?"

आतली पोरं एका सुरात सांगतात, "बाई आसत."

मगच दार उघडतं.