झाकल्या इनामाची कुस्ती

"दौलू शेलार म्हणे कड्यासाठीच उतरला होता, आणि मग त्यानं ते कडं..."

मांजरवाडीच्या जत्रेत पाहुण्यांच्या कानावर एवढंच पडतं. तेवढ्यात हलगी वाजते आणि बोलणारा आखाड्याकडे धावतो. तिथे कडेला लाल फडक्याखाली इनाम झाकलेलं असतं. ते काय आहे, हे कुस्ती निकाली होईपर्यंत कुणालाच सांगत नाहीत. असं का, ते विचारावं आखाड्याला लागूनच राहणाऱ्या कोंडाबाईंना. गावात कुणाकडे काय शिजलं हे त्यांना ठाऊक असतं. ही गोष्ट तर त्यांच्या पणजीपासूनची.

असं सांगतात, की दौलू गावचा नामी पैलवान, पण त्याचा दांडपट्टाही असा फिरे की बघणारा थक्क व्हावा. एका सरदारानं त्याला पट्टेकऱ्यांत बोलावलं. महिन्याला रोख पगार, वर धान्य. दौलू गेला नाही. अंगाला माती लागल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे म्हणे. गावाला हे पटेना. पगार नाकारतोय म्हणजे मोठ्या घबाडावर टपलाय, असं गावानं ठरवूनच टाकलं. त्या साली पाटलांनी कुस्तीला चांदीचं कडं इनाम लावलं, तेव्हा तर 'हेच ते घबाड' म्हणत पारावर हशा पिकला.

दौलूला ते झोंबलं. आजवर गाळलेला घाम आता कड्याच्या भावानं मोजला जाणार होता. आखाड्यात येऊन त्यानं हात जोडले. "पाटील, ते कडं उचला. शेवटी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, आणि तोवर झाकून ठेवा. काही नसलं तरी चालेल."

पाटलांनी कडं उचललं, पाठ फिरवून काहीतरी ठेवलं आणि वर लाल फडकं टाकलं.

त्याच्याशी लढायला आलेला घाटावरचा पैलवान हसला. "झाकल्या इनामावर अंग कोण मोडून घेणार?"

"मी," दौलू म्हणाला. "तू जा हवं तर."

चार गावांदेखत तो जातोय कसला! उन्हं कलेपर्यंत कुस्ती चालली. दौलूचा खांदा निखळला, तरी पकड सुटली नाही. अखेर त्यानं घाटावरच्याची पाठ मातीला टेकवली. फडकं उचललं, तर खाली कडंच.

पाहुण्यांना वाटतं, आता त्यानं ते देवाला वाहिलं असणार.

"छे हो," कोंडाबाई म्हणतात. "घेतलं की त्यानं. मोडलं आणि दुभती म्हैस आणली. दुधाशिवाय पैलवान उभा राहतो होय? खांदा बरा झाला, तसा पुन्हा मातीत उतरला."

म्हणजे जत्रेतला तो बोलणारा अगदीच खोटं बोलत नव्हता. आजही मांजरवाडीत इनाम झाकूनच ठेवतात, आणि लांबलांबचे पैलवान आत काय आहे ते न विचारता लंगोट कसतात. जिंकणारा मात्र ते ताठ मानेनं, दोन्ही हातांनी घेतो.