मिठावरची झाक

"बुवा, हा पिवळेपणा जात का नाही?"

उन्मेषनं मोबाईल थेट यशवंतबुवांच्या नाकासमोर धरला. टेकडी धावत चढून आल्यामुळे त्याला धाप लागली होती. नमस्कार करायचा राहून गेला, चपलाही पायातच राहिल्या.

बुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"चपला," ते म्हणाले.

उन्मेष दोन ढांगांत अंगणात गेला, चपला भिरकावल्या आणि परत आला.

"आता सांगा."

या यशवंतबुवांचा मठात येण्याआधी तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या तालुक्याची लग्नं आणि बारशी त्यांनी कॅमेऱ्यात धरली होती. मग एक दिवस त्यांनी दुकानाला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या शिंप्याकडे दिली आणि बोरटेकडी चढले. अंगावर भगवी छाटी आली. डोळा मात्र फोटोवाल्याचाच राहिला.

उन्मेष पुण्याचा. जाहिरातींच्या एका कचेरीत तो फोटो उजळून द्यायचा. सावळ्याला गोरं करायचं, शिळ्याला ताजं करायचं, यात त्याचा हातखंडा होता. फोटो सुधारता येतात, पण काढता येत नाहीत, हे एक दिवस त्याच्या मनाला लागलं आणि तो बुवांकडे शिकायला आला. आला तो आला, आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःचा पांढरा कुडता बुवांच्या गेरूच्या बादलीत बुचकळून घेतला.

बुवांनी तसं सांगितलं नव्हतं. अडवलंही नव्हतं.

खालच्या वाडीतली माणसं त्याला 'धाकटे बुवा' म्हणू लागली. हे त्याला आवडत नव्हतं असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप होईल.

"काय झालं, ते नीट सांग," बुवा म्हणाले.

"प्रदर्शनवाल्यांनी आपले फोटो परत पाठवले."

"आपले?"

"म्हणजे... मावशीच्या दुपट्यांचे."

मावशी त्याच्या मागोमाग टेकडी चढून आलीच होती. ही अनुसयामावशी, वाडीतली. तान्ह्या बाळाला गुंडाळायची दुपटी शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. जुन्या, धुऊन धुऊन सायीसारख्या मऊ झालेल्या धोतराचे चार पदर एकावर एक घालायचे आणि वरून रंगीत दोऱ्याचे बारीक धावदोरे. तिच्या दुपट्यात वाडीतली सगळी पोरं वाढली होती. ती कोल्हापूरच्या प्रदर्शनात मांडू, असं उन्मेषनंच तिच्या डोक्यात भरवलं. फोटोंची काळजी सोडा, असा शब्दही दिला.

मावशी खांबाला टेकून बसली. तिनं काखेतलं गाठोडं मांडीवर घेतलं. तिच्या नखांच्या कडा निळ्या होत्या.

"बुवा, म्या आता सुई ठिवून देती," ती म्हणाली. "लोकं म्हणत्यात मशिनीवरचं हाय. माझ्या हाताचं न्हाईच म्हणत्यात. मग कशापायी डोळं फोडायचं?"

"असं कोण म्हणालं?"

उन्मेषनं खाली मान घालून निरोप वाचला. टाके कुठेच दिसत नाहीत. कापड गुळगुळीत, यंत्रावरचं वाटतं. रंग खरे वाटत नाहीत. आज दुपारपर्यंत नवे फोटो आले तर विचार करू, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ.

"टाके कुठे गेले?" बुवांनी विचारलं.

"फोटो रवाळ येत होता, बुवा. सगळीकडे रेतीसारखे ठिपके. मी ते पुसले."

"आणि टाके?"

"टाकेसुद्धा बारीकच आहेत ना... ते बरोबर पुसले गेले."

मावशीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला ओसरी पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

"फोटो कुठे काढले होते, आठवतं?"

"आत. समाधीच्या खोलीत. समईपाशी."

"का?"

"तुम्ही तिथे बसता. तिथे चित्त लागतं."

बुवा उठले. मावशीच्या गाठोड्यातलं एक दुपटं त्यांनी उचललं आणि उन्मेषला खुणेनं आत बोलावलं. समाधीच्या खोलीला एकच झरोका, तोही वटवाघळं येतात म्हणून फळी मारून बंद केलेला. समई मिणमिणत होती.

"या कडेचा दोरा कुठल्या रंगाचा?"

उन्मेष वाकला. डोळे बारीक केले. अजून वाकला.

"लाल... नाही, चॉकलेटी. जांभळा?"

"सांग नीट."

"दिसत नाही, बुवा."

"तुला दिसत नाही, मग मोबाईलला कशाला दामटतोस?"

"पण तो काढतो ना. अंधारातसुद्धा काढतो."

"काढतो खरा," बुवा म्हणाले. "दिसत नाही तिथे पदरचं घालतो."

...

उन्मेष जागच्या जागी थबकला. मग एकदम उसळला.

"म्हणजे ते ठिपके... उजेड पुरत नाही म्हणून येतात. नसलेलं ओढून ओढून आणतो तो. आणि मी बसलोय पुसत."

त्यानं दुपटं छातीशी धरलं आणि धूम ठोकली ती थेट ओसरीवर. सकाळचं ऊन एका बाजूनं तिरपं आत आलं होतं. त्यानं उन्हाच्या कडेला, उजेडात पण थेट ऊन लागणार नाही अशी, चादर अंथरली आणि तिच्यावर दुपटं पसरलं. सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. मावशी मान उंच करून बघू लागली.

"बुवा, या. उभे राहा."

ही उन्मेषची रीत. कुठलंही काम सुरू करताना बुवा शेजारी हवेत. त्याशिवाय हात चालत नाही, असं तो सगळ्यांना सांगायचा. गुरूची सावली अंगावर असावी, असं त्याचं म्हणणं. बुवाही मुकाट्यानं येऊन उभे राहायचे. आजही राहिले. दुपट्याच्या पलीकडे, उन्हाकडे तोंड करून.

उन्मेषनं फोटो काढला. बघितला आणि त्याला आनंद आवरेना.

"मावशी, हे बघा. एक ठिपका नाही. टाका न् टाका मोजून घ्या."

मावशीनं मोबाईल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"टाकं हायती," ती म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "पर पिवळंच दिसतंय की रं."

दिसत होतं खरं. पांढऱ्या कापडावर हळदीच्या हाताची असावी तशी झाक होती.

"तेवढं मी काढतो," उन्मेष म्हणाला आणि बोटं चालवू लागला. पिवळा कमी, निळा जास्त. अजून थोडा. त्यानं विजयानं मोबाईल पुढे केला. "घ्या. पांढरंशुभ्र."

बुवांनी वाकून पाहिलं. "कापड पांढरं झालं. कुंकवाच्या रंगाचा दोरा होता, तो कुठे गेला?"

दोरा वांगी रंगाचा झाला होता. उन्मेषनं पिवळा परत आणला, दोरा सुधारला, पुन्हा कापड बिघडलं. कपाळावर घाम आला. ऊन चढत होतं आणि दुपार काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

"कापडातच दोष आहे, बुवा," तो शेवटी म्हणाला. "मी मावशीला आधीच सांगितलं होतं. जुनं धोतर पिवळं पडतं. नीळ घाला म्हटलं, तर त्यांनी सगळ्यांना घातलीच नाही. हेच बघा, हे बिननिळीचं."



मावशीनं दुपट्याचं एक टोक हातात घेतलं.

"बाकीच्यास्नी घातली. तू म्हनलास म्हनून घातली," ती म्हणाली. "ह्येला न्हाई घातली. ह्ये आमच्या मालकांचं धोतार. मानूस जाऊन सा वर्सं झाली. त्येंचं धोतार कधी पिवळं नव्हतं रं, बाबा. नदीवर जाऊन सोता धुयाचं."

उन्मेषला मनापासून वाईट वाटलं, पण डोळ्यांना तर झाक दिसत होती, तिचं काय करायचं?

बुवा आत गेले. स्वयंपाकघरातून खड्यांच्या मिठाची मूठ भरून आणली. दुपट्याच्या मधोमध मिठाची लहानशी रास केली आणि पुन्हा आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

"काढ."

"मिठाचा फोटो?"

"काढ."

त्यानं काढला. बघितला. मोबाईल डोळ्यांजवळ नेला.

फोटोतलं मीठही पिवळट होतं. पिवळटसुद्धा नाही, नीट पाहिलं तर भगवट.

"मिठाला नीळ घालायची का?" बुवांनी विचारलं.

उन्मेषनं मिठाचा एक खडा उचलला, तळहातावर ठेवला, उन्हात धरला. पांढराशुभ्र. परत राशीत ठेवला. पुन्हा बघितलं.

"म्हणजे कापडात नाही. मोबाईलमध्येही नाही, कारण काल मी अंगणातली कोंबडी काढली ती पांढरी आली." तो भराभरा बोलत होता. "हा रंग इथलाच आहे. कुठून तरी येऊन पडतोय."

तो ओसरीभर फिरला. भिंत बघितली. भिंत चुन्याची. वर बघितलं. आढं काळं. जमीन सारवलेली, पण तिच्यावर चादर होती आणि तीही पांढरी. तो परत फिरून दुपट्यापाशी आला आणि खाली बसला, अगदी मिठाच्या उंचीवर डोळे आणून.

समोर बुवा उभे होते. ऊन त्यांच्या छाटीवर पडत होतं. छाटी कशी धगधगत होती, आणि तिचा तो सगळा उजेड उलटून दुपट्यावर सांडत होता.

...

"बुवा," उन्मेष हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही... जरा..."

त्याला पुढचा शब्द उच्चारवेना. गुरूला बाजूला हो म्हणायचं? त्याच्या घरात थोरल्यांच्या पायाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची रीत. त्यानं मावशीकडे पाहिलं. मावशीच्या मांडीवर मालकाच्या धोतराचं टोक होतं.

"बुवा, बाजूला व्हा," तो म्हणाला.

बुवा बाजूला झाले. नुसते बाजूला झाले नाहीत, ओसरी उतरले, अंगण ओलांडून पार तुळशीच्या पलीकडे, चिंचेखाली जाऊन उभे राहिले. आणि आज पहिल्यांदाच उन्मेषला त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं.

त्यानं मीठ गोळा करून बाजूला ठेवलं आणि फोटो काढला.

"मावशी."

"काय रं?"

"पांढरं आहे. मावशी, धोतर पांढरंच होतं. चूक माझी झाली."

"मी काय येगळं सांगत हुती?" मावशी म्हणाली, पण तिनं घाईघाईनं पदरानं हात पुसून मोबाईल घेतला. बोटानं फोटो मोठा करायला ती त्याच्याकडूनच शिकली होती. कडेपासून कडेपर्यंत तिनं सगळं दुपटं पालथं घातलं आणि एका जागी थांबली. "आगं बया... ह्यो माझा चुकल्याला टाका. त्यो बी दिसतोय." तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. "आता म्हना म्हनावं मशिनीवरचं."

गाठोड्याची गाठ तिनं सोडली आणि दुसरं दुपटं झटकून पसरायला घेतलं. सुई ठेवून द्यायची गोष्ट ती बहुधा विसरली होती.

उन्मेष अंगणात नाचायचाच बाकी होता. मठाच्या मागच्या खडकावर मोबाईलला रेंज यायची. तिकडे पळत निघाला, अर्ध्या वाटेत थांबला, पळत परत आला. बुवांसमोर उभा राहिला आणि बोलत सुटला.

"किती सोपं होतं, बुवा. आणि मी महिनाभर डोकं फोडून घेतलं. तुम्हाला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू उभं केलंस, मी उभा राहिलो."

"पण रंग पडतोय एवढं तरी म्हणायचं."

"तू सरका म्हणशील, याची वाट बघत होतो."

उन्मेषलाही हसू फुटलं. एवढं हलकं त्याला मठात आल्यापासून वाटलं नव्हतं. निरोप पाठवण्याआधी त्यानं फोटो शेवटचा म्हणून उघडला, अभिमानानं मोठा केला, वरपासून खालपर्यंत पाहिला.

खालच्या कडेशी येऊन त्याचं बोट थांबलं. जिथे तो स्वतः वाकून उभा होता, त्या कडेशी.

"बुवा..."

"काय?"

"गेलाय. जवळजवळ सगळा गेलाय. पण इथे खाली, बघा ना, अगदी पुसट... अजून थोडा आहे." तो ओशाळून हसला. "आपण अजून जरासे मागे सरकता का?"

बुवांच्या मागे आता टेकडीचा उतारच होता. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही. उन्मेषच्या कुडत्याकडे पाहिलं, गळ्यापासून घेरापर्यंत, सावकाश.

"उरलाय तो माझा नाही," ते म्हणाले.